दहानंतर पाणी बंद

नणंदेचा धाकटा पाणी मागत होता आणि नणंद देत नव्हती.

“झोपताना पाणी नाही. गादी ओली केलीस की निस्तरायची कुणी?”

गाद्या उन्हात कोण टाकतं हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून मी काही बोलले नाही. लग्नाला चार महिने झालेत. काही न बोलणं मला आता बऱ्यापैकी जमतं.

जेवणं उरकून आम्ही गच्चीवर बसलो होतो. मोठे मामंजी, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, चटईच्या टोकाला गुडघे चोळत होते. चाळीस वर्षं नळ, पाइप आणि कॉक विकलेला माणूस. त्यांनी स्वतःचा पेला पोरापुढे सरकवला.

“पी रे. गादी वाळते.”

“काका, तुम्ही लाडावून ठेवता आणि—”

“तुला आमचा वॉशर आठवतो का गं?” ते म्हणाले. नणंदेनं नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी सांगायला घेतलं. मी ते त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे, कारण माझ्या शब्दांत ते खोटं वाटेल.

वॉशर म्हणजे आपल्या दुकानावर येणारा नळवाला. कुठलाही नळ गळो, हा नुसता कान लावायचा आणि म्हणायचा, “वॉशर गेलंय.” माझा गुडघा धरला तेव्हाही हेच म्हणाला. नाव आम्हीच पाडलं. घाबरट म्हणाल तर नव्हे. भल्यामोठ्या टाक्यांत एकटा उतरायचा. त्यानं सांगितलं ते सांगतो, पदरचं काही घालत नाही.

तीन वर्षं झाली. जानेवारीची अकरा तारीख, मंगळवार. दुपारी चारला तो दुकानात आला आणि कुलपाचा कॉक मागितला. घरासाठी असला कॉक सहसा कुणी नेत नाही. भाडेकरूशी वाजलं असेल तरच नेतात. मी विचारलं, “कुणाचं पाणी तोडतोस रे?”

म्हणाला, “हेडमास्तरांच्या मुलीचं.”

मला वाटलं, थट्टा करतोय. थट्टा नव्हती. पोर नऊ वर्षांची. दोन महिन्यांपासून रात्री गादी ओली करायची. वर्गातून तासाला दोनदा उठून बाहेर जायची, आणि शाळा बापाचीच. शिक्षक तोंडावर हसायचे नाहीत, पण हेडमास्तरांना पाठीमागं ऐकू यायचं. चिडचिड तर इतकी, की पाटीच काय, ताटसुद्धा फेकायची. आणि पाणी! दिवसभर पाणी. बंद केलं तर चोरून. एकदा फुलदाणीतलं प्यायली. मग फटके. मग कोपऱ्यात उभी. आत्या म्हणाली, लाडानं बिघडली. शेजारी म्हणाले, मोबाइलनं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लक्ष वेधून घ्यायला करते. प्रत्येकाकडं उत्तर तयार होतं. पोरीला नक्की काय होतंय, हे पोरीला कुणी विचारलं नाही.

“आणि आई?” माझ्या तोंडून गेलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बोलते, हे बहुतेकांना नवीन होतं.

आई म्हणत होती, डॉक्टरांना दाखवू. हेडमास्तरांचं ठरलेलं वाक्य, “हट्टाला औषध नसतं.” हजार पोरं सरळ केलेला माणूस, घरची एक वाकडी राहते म्हणजे काय? त्यांनी नियम केला. रात्री दहानंतर पाणी बंद. स्वयंपाकघरातलं भरलेलं पाणी कपाटात, आणि न्हाणीघराकडं जाणाऱ्या बोळातल्या मुख्य कॉकला कुलूप. चावी उशाखाली.

वॉशर कॉक बसवत होता, तेव्हा पोर दारात उभी होती. ओठ फुटलेले. फ्रॉक अंगावर लोंबत होता. नुसती पान्याकडं बघत होती. न्हाणीघरात मोरीच्या तोंडाशी मुंग्यांची रांग लागली होती. वॉशर म्हणाला, “सर, इथं मुंग्या का हो? गोडाशिवाय मुंगी फिरकत नाही.” हेडमास्तर म्हणाले, “मुंग्यांची पावडर आणू. तू तुझा नळ बघ.”

यानं नळ बघितला. मजुरी घेतली. आणि कॉक विकला कुणी? मी. मीसुद्धा बिल फाडून मोकळा झालो. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं, पण आता आपटून काय…

“काका, भूत कधी येणार?” माझ्या नवऱ्यानं विचारलं.

“भूत वेळेवर येतं. तुझ्यासारखं नसतं.”

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी वॉशरचा फोन वाजला. हेडमास्तर. “काय कॉक बसवलास? तासभर पाणी वाहतंय. घरात कुणाचा डोळा लागत नाही.” हा शिव्या देतच निघाला. नवा कॉक, घट्ट बसवलेला. गळेल कसा?

दार हेडमास्तरांनी उघडलं. एका हातात चावी. मागं बायको, चेहरा रडून सुजलेला. आणि बोळाच्या टोकाला, न्हाणीघराच्या बंद दाराआडून, पाण्याचा आवाज. धो धो नव्हे. बारीक धार, सलग.

वॉशरनं कॉक बघितला. कुलूप होतं तसं. कॉकवर हात ठेवला. पाणी वाहत असलं की पाइप जरासा थरथरतो, बोटांना कळतं. हा पाइप गप्प होता. कान लावला. आत काही नाही.

हा गच्चीवर गेला. टाकीचा वॉल्व्हसुद्धा बंद केला. खाली आला.

धार चालूच होती.

“आत कोण आहे?”

“तीच असणार,” हेडमास्तर म्हणाले. “नाटकं. मघापासून हाका मारतोय.”

“दार उघडलं नाहीत?”

हजार पोरांना घाबरवणारा माणूस… बोळाच्या अलीकडच्या टोकाला उभा होता. पुढं येत नव्हता.

दाराला कडी नव्हती. वॉशरनं ढकललं.

अंधार. बॅटरी लावली.

पोर वाकून उभी होती. तोंड नळाला लावलेलं. घशाची हालचाल दिसत होती. घोट… घोट… घोट.

नळाखालची फरशी कोरडी होती. भांडं कोरडं. यानं नळाला बोट लावलं. कोरडा.

हनुवटीवरून मात्र पाणी टपकत होतं.

“बाळा… पाणी कुठून येतंय?”

तिनं तोंड बाजूला केलं. आवाज थांबला. सगळं एकदम शांत. ती धापा टाकत होती. खोल, भराभर.

“हा देतोय.”

“कोण?”

तिनं बाजूला बघितलं. खाली. स्वतःपेक्षा लहान कुणाकडं बघावं तसं.

“हा म्हणतो… पटकन पी. दादा पहाऱ्यावर आहे.”

मोठे मामंजी इथं थांबले. नणंदेनं धाकट्याला कधी मांडीवर घेतलं, कळलं नाही. खाली रस्त्यावर कुणाची तरी मोटरसायकल गेली.

वॉशर मटकन खाली बसला. का, ते त्यानं मला नंतर सांगितलं. त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

त्याला एक धाकटा भाऊ होता. सात वर्षांचा. तोही गादी ओली करायचा. तोही पाणी पाणी करायचा. बापानं हुकूम केला, रात्री याला पाणी द्यायचं नाही. आणि पाण्याच्या पिंपापाशी झोपायला लावलं वॉशरला. दहा वर्षांचा होता हा. पहाऱ्यावर. धाकटा अंधारात यायचा आणि म्हणायचा, “दादा, एक घोट.” हा नाही म्हणायचा. इमानदार पोर. तीन रात्री नाही म्हणाला. चौथ्या रात्री कुणी आलंच नाही.

लोक म्हणाले, ताप डोक्यात गेला. खरं काय झालं, ते कुणाला कळलं नाही. वॉशरला एवढंच आठवत होतं, की शेवटी शेवटी भावाच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास यायचा.

न्हाणीघरात तोच वास येत होता. पोरीच्या तोंडाला.

यानं पोरीला उचललं. हेडमास्तर आडवे आले. “अरे, तिला डोक्यावर बसवू नकोस, तिला कळतं सगळं—”

“सर, बाजूला व्हा!” आयुष्यात हा गिऱ्हाइकावर पहिल्यांदा ओरडला. “पोर मरतेय!”

आई अनवाणीच मागं धावली. दवाखान्यात रक्त तपासलं. साखर सहाशेच्या वर. मधुमेह. एवढ्याशा पोरीला. म्हणून ती तहान, म्हणून ती गादी, म्हणून ती चिडचिड. डॉक्टर म्हणाले, “सकाळची वाट बघितली असती तर मला फक्त दाखला लिहावा लागला असता. दोन महिने काय करत होता?” हेडमास्तर म्हणाले, “आम्हाला काही कल्पनाच नव्हती.” तेव्हा आई पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली. “मला होती. तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही पेपर वाचत होतात.”

पोर वाचली. आता बारा वर्षांची आहे, इंजेक्शन स्वतःचं स्वतः घेते. सरळ, शहाणी. ‘वाकडी’ कधी नव्हतीच.

“बरं झालं,” नणंद पुटपुटली. “मग तो… परत नाही ना आला?”

मोठे मामंजी गुडघ्यावरून हात फिरवत राहिले.

महिनाभरानं हेडमास्तर स्वतः दुकानात आले. मान खाली. म्हणाले, “न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली आहे, बघायला या.” मी आणि वॉशर दोघं गेलो. कुलपाचा कॉक त्यानं तेव्हाच काढून फेकला होता. ओल नळाच्या डाव्या अंगाला होती. रंग खरवडला. प्लास्टर फोडलं, पार विटेपर्यंत. पुन्हा प्लास्टर केलं, वाळवलं, रंग दिला. आठ दिवसांत ओल पुन्हा तिथंच. दुसऱ्यांदा केलं. पुन्हा तिथंच. आजही आहे.

जमिनीपासून अडीच फुटांवर. हाताएवढी. पाच बोटं वेगवेगळी मोजता येतात. वाकून नळाला तोंड लावताना लहान पोर भिंतीला हात टेकवतं ना… तशी.

चाळीस वर्षं हाच धंदा केला मी. ओल म्हटली की आत पाइप असतो, फुटका, गळका, कसला तरी.

त्या भिंतीत पाइपच नाही.