लोळणीचा चिखल

मार्गशीर्षाची थंडी पडली की गगनबावड्याच्या रानात सांबराचे नर माजावर येतात. एरवी हे जनावर महाबिलंदर. पान हललं तरी कान टवकारणार, वारा फिरला तरी पाय काढणार. पण माजाच्या दिवसांत त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. लोळणीच्या चिखलात मुतायचं, त्यातच लोळायचं, तो उग्र वास अंगाला माखून घ्यायचा आणि झाडाच्या बुंध्यावर शिंगं घासत दुसऱ्या नराला आव्हान द्यायचं, एवढाच त्याचा धंदा. ते घासणं ऐकून दुसरा नर आल्याशिवाय राहत नाही, आणि शिकाऱ्याचं फावतं ते तिथंच. एक माणूस झाडाआड बसून जुनं शिंग बुंध्यावर घासतो, दुसरा बंदूक घेऊन लोळणीजवळ दबा धरतो. शिकारीला बंदी येऊन जमाना झाला म्हणा. पण बंदी कागदावर आणि शिंगं दिवाणखान्याच्या भिंतीवर, असं अजून चालतं.

घासणाऱ्याचा एक नेम असतो. दोनदा लांब घासायचं, एकदा आखूड, आणि मग तोंडानं बारीक शिट्टी घालायची. सांबराला ती पाखराची वाटते. बंदूकवाल्याला मात्र कळतं, की इकडं आपला माणूस हाय, इकडं नळी फिरवायची न्हाय. घासणाऱ्याचा जीव तेवढ्या शिट्टीवर असतो.

रानालगतच्या वाडीतल्या बयाबाईचा नवरा जोतीराम हे काम करायचा, पेठ वडगावच्या हंबीररावांसाठी. हंबीरराव म्हणजे तालेवार असामी. ऊस, म्हशींचा गोठा, बाजारपेठेत दुकान आणि पिकाच्या राखणीच्या नावावर घेतलेली दुनळी बंदूक. गेल्या हंगामात जोतीराम त्यांच्याबरोबर रानात गेला, तो घोंगड्यात गुंडाळूनच परत आला. गव्यानं मारला, असं हंबीररावांनी सांगितलं. वाडीनं मान डोलावली आणि दिवस मावळायच्या आत चिता पेटलीसुद्धा.

आता खोटं बोलायचं तर जगाशी बोलावं, मढं धुणाऱ्या बाईशी बोलू नये. बयाबाईनं नवऱ्याला स्वतःच्या हातानं शेवटची अंघोळ घातली होती. डाव्या बरगडीखाली बोट जाईल एवढं भोक होतं, गोल आणि काळ्या कडेचं. गव्याचं शिंग काय बोटाएवढं असतं व्हय?

ती रडली, पण बोलली नाही. हंबीररावांच्या तोंडावर साक्ष देईल असा मायेचा पूत त्या वाडीत नव्हता. आणि तिला साक्षीपुरावा नकोच होता. तिला हंबीरराव मेलेला पाहिजे होता, त्याच रानात, त्याच लोळणीवर. वर्षभर शेणी थापताना, हिरडा गोळा करताना, भाकरी करताना तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. देवापुढं हात जोडले तरी ती तेवढंच मागायची.

आणि गंमत बघा, यंदा हंबीरराव आपल्या पायानं तिच्या दारात आले. त्या लोळणीवर एक थोरला नर येतो म्हणे. कधी नव्हे अशी शिंगं. नवी पोरं घासायला बसवली, पण तो काठापर्यंत येतो, वास घेतो आणि माघारी फिरतो. जोतीरामासारखा हात कुणाचा नाही. तू त्याच्यासंगं रानात जायचीस, तुला येत असेल, असं ते खाटेवर बसून, तिनंच दिलेलं पाणी पिऊन म्हणाले. काय म्हणावं या माणसाला! ज्याच्या घरात अंधार केला त्याच घरात काडेपेटी मागायला आला.

बयाबाई म्हणाली, येतंय की. कधी जायचं तेवढं सांगा.

शिकारीत आणखी एक रीत आहे. बंदूकवाला त्या लोळणीतलाच चिखल अंगाला फासून घेतो. नराला मग स्वतःचाच वास येतो, माणसाचा येत नाही. बयाबाईनं काय केलं, आदल्या दिवशी डोंगराची सोंड ओलांडून दुसऱ्या नराच्या लोळणीतला चिखल डबा भरून आणला. माजावरच्या नराला आपल्या जागेवर परक्या नराचा वास आला तर तो पळत नाही. शिंगं खाली घालून मारायला येतो. जोतीरामानंच हे तिला हसत हसत सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात.

झुंजूमुंजू झालं तेव्हा दोघं लोळणीवर पोचली. ड्रायव्हर जीपपाशी खाली थांबला होता. कारवीच्या झुडपांत धुकं अडकलेलं. हंबीरराव आडोशात बसले आणि बयाबाईनं डबा उघडला. त्यांनी नाक मुरडलं. हा वास न्यारा का, असं विचारलं. माज वाढलाय, ती म्हणाली. मग नवरदेवाला हळद लावावी तसा तिनं तो चिखल त्यांना लावला, गळ्याला, छातीला, कपाळाला. कपाळाला जरा जास्तच.

मग ती हिरड्याच्या झाडाआड गेली. जोतीराम तिथंच बसायचा. बुंध्याची साल नुकतीच सोललेली होती, चीक अजून ओला. खालचं गवत कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं दबलेलं होतं. रात्रभर दव पडलेलं, सगळं रान थंडगार. तिनं गवतावर तळवा टेकवला. गवत कोमट होतं.

जनावर बसलं असेल, असं तिनं मनाला सांगितलं आणि शिंग हातात घेतलं.

दोनदा लांब. एकदा आखूड. मग शिट्टी.

बराच वेळ काही नाही. मग समोरच्या उतरावरनं उत्तर आलं. घसघस लांब, पुन्हा लांब, मग आखूड.

तिचा हात थांबला. नर घासतो तो अंगात येईल तसा. मोजूनमापून घासणारं सांबर तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. ती कान देऊन बसली, आणि त्या घासण्यामागोमाग शिट्टी आली. शेवटाला जरा घसरणारी. जोतीरामाचा पुढचा दात पडलेला होता, म्हणून त्याची शिट्टी तशी घसरायची.

तिनं शिंग मांडीवर ठेवून दिलं आणि दोन्ही हात त्यावर दाबून धरले.

घासणं पुन्हा आलं. आता जवळून, कारवीच्या आतून.

"बाई, जागा का बदललीस?" आडोशातून हंबीररावांचा दबका आवाज आला.

ती जागची हललीच नव्हती.

तिसऱ्या वेळी ते हंबीररावांच्या पाठीमागून आलं. ते गर्रकन वळले. बंदूक वर आली. तिला त्यांची पाठ दिसत होती आणि नळीचं टोक थरथरताना दिसत होतं.

शिट्टी आली. लख्ख. बहिऱ्यालाही कळावी अशी.

हंबीररावांनी बार काढला.

आवाज दरीत घुमला, पाखरं उठली, धूर खाली बसला. बयाबाईला त्या क्षणी कळलं की गेल्या वर्षीही असंच झालं होतं. शिट्टी ऐकून, समजून, निव्वळ घाबरून या माणसानं घोडा ओढला होता. तिच्या डोळ्यांत रक्त उतरलं.

मग शिट्टी पुन्हा आली. त्याच जागेवरून, काही घाई नसल्यासारखी.

आणि नर बाहेर आला.

कारवीची एक काडी मोडली नाही. घोड्याएवढं धूड, शिंगांना चिखल आणि गवताचे झुपके. डाव्या बरगडीखाली एक भोक होतं, गोल, जुनं, भरून आलेलं.

बयाबाईनं ते ओळखलं. तिनं ते धुतलं होतं.

दुसरी नळी भरलेली होती. हंबीररावांचे हात ती उचलेनात. नर धावला नाही, फुरफुरला नाही. चालत आला आणि थांबला.

हंबीरराव गुडघ्यांवर आले. नरानं मान खाली घातली आणि आपलं कपाळ त्यांच्या कपाळाला टेकवलं.

बयाबाई हाडं मोडल्याचा आवाज ऐकायला बसली होती. तो आला नाही. नर मागं फिरला, धुक्यात शिरला, आणि हंबीरराव चिखलात तसेच बसून राहिले. जिवंत.

तिला इतका संताप आला की तिनं ते शिंग दगडावर आपटून फोडलं.

पंधरवड्यानं पेठ वडगावहून सांगावा आला. हंबीररावांच्या पत्नी संयोगिता वैनीसाहेब यांनी बोलावलं होतं. बयाबाई दुपारच्या एसटीनं गेली. मागच्या खोलीत हंबीरराव दाराच्या चौकटीपाशी उभे होते आणि चौकटीवर कपाळ घासत होते. दोनदा लांब, एकदा आखूड. मग ओठांचा चंबू करायचे. शिट्टी काही निघायची नाही, नुसती हवा. पुन्हा कपाळ चौकटीला.

वैनीसाहेब अगदी खचल्या होत्या. कोल्हापुरातले दोन दवाखाने झाले, म्हणाल्या. पट्टी बांधली की ते फाडतात. रोज साबणानं अंघोळ घालते तरी तो चिखलाचा वास जात नाही. परड्याच्या दाराशी धडका देतात, म्हणून कडी लावून ठेवली आहे. आणि आठ दिवस झाले, मागच्या उसात कुणीतरी यांच्यासारखंच घासत असतं. गड्यांना पाठवलं, तर गडी बांधावरूनच परत आले. कुत्री तिकडं जात नाहीत.

"तुम्ही रानातली माणसं," त्या म्हणाल्या. "तुमचे मालक यांच्यासाठी जिवाला मुकले. तुम्हीच काय ते सांगा. यांना बाहेर जायचंय. सोडू का? मोकळ्या हवेत बरं वाटंल का?"

हंबीरराव घासायचे थांबले. त्यांनी बयाबाईकडं पाहिलं. डोळे शहाण्यासुरत्या माणसाचे होते, आतून सगळं समजणाऱ्याचे. त्यांनी हात पुढं करून तिचा पदर मुठीत धरला. ओठ हलले. नको, असंच ते म्हणत होते. आवाज नव्हता, पण तिला कळलं.

तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि पदर नीट केला.

"सोडा की वैनीसाब," ती म्हणाली. "बरं वाटंल."

संयोगितांनी कडी काढली. हंबीररावांचे पाय लगेच चालायला लागले. मान तेवढी मागं वळलेली होती, घराकडं, बायकोकडं. पाय काही वळले नाहीत. बांध ओलांडून ते उसात शिरले. शेंडे हलत हलत आत गेले आणि मधोमध थांबले.

"बघा, किती दिवसांनी नीट चालले," वैनीसाहेब डोळे पुसत म्हणाल्या. त्यांना केवढं हलकं वाटलं होतं. त्यांनी बयाबाईला बसवून घेतलं, आत जाऊन स्वतः चहा टाकला.

चहा चांगला दाट होता. बयाबाईनं तो बशीत ओतला आणि फुंकून फुंकून, सावकाश, सगळा प्याला.