तांबडी हंबरली नाही

"वासरू चोरलंय. चोर कोण तेही मला ठाऊक आहे. तू फक्त ये आणि कागदावर घे."

एवढं बोलून हार्लन टॉलेफसनने फोन ठेवला. मार्नी क्रॅबट्री तेव्हा आपल्या तान्ह्या लेकीला, टेसला, मांडीवर घेऊन कुस्करलेलं केळं भरवत होती. त्यातलं निम्मं तिच्या खाकी शर्टावर होतं.

जनावरांवरचे मालकीचे डाग तपासायचे, हरवलेली गुरं शोधायची, हे त्या भागातलं सरकारी काम मार्नीकडे होतं. टेसला सांभाळणारी शेजारीण तापाने पडलेली. मग काय, टेसची खुर्ची पिकअपच्या सीटला बांधली, शर्ट तसाच ठेवला आणि निघाली.

एप्रिल अर्धा सरला होता, तरी कुरणातल्या खळग्यांत बर्फ होतं. गाई विण्याचे दिवस. या दिवसांत मोंटानात कुठल्याही रँचवर जा, झोप झालेला माणूस सापडायचा नाही.

हार्लन ओसरीवरच उभा होता. हिवाळ्यात घोड्यावरून पडून त्याची कंबर मोडली होती. हातात आधाराने चालायची चौकट, अंगात दिवंगत बायकोने विणलेला स्वेटर.

"पोर घेऊन आलीस तपासाला?"

"तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. वासरू कुणाचं?"

"व्हर्नाचं."

मार्नी थांबली. व्हर्ना, हार्लनची बायको, जाऊन दोन वर्षं झाली होती.

"सगळा कळप काळा," हार्लन म्हणाला. "तेवढी एक तांबडी आहे, पांढऱ्या तोंडाची. व्हर्नाने माहेराहून आणलेल्या गाईंची शेवटची. म्हातारी झाली. दर साली गोऱ्हाच व्हायचा. यंदा कालवड झाली. आता तीही गेली."

"तुम्ही पाहिलीत तिला?"

"मला या पायऱ्या उतरवत नाहीत, गोठ्यापर्यंत कुठला जातो? वेसने पाहिली. रात्रीची पाळी त्याची होती."

"आणि चोर?"

त्याने हनुवटीनेच अंगणापलीकडे दाखवलं. तिथे गड्याचं घर होतं. घरापुढे एक जुना पिकअप, त्यावर गादी आणि खुर्च्या रचलेल्या. पायरीवर एक पोटुशी बाई शाल घेऊन बसली होती.

"अँसेल्मो. गेल्या आठवड्यात मला म्हणतो, तांबडीला कालवड झाली तर मला विका, माझ्या होणाऱ्या लेकराला देईन. मी नाही म्हटलं. आणि ज्या पहाटे वासरू गेलं, त्याच पहाटे याची गाडी दिवे न लावता फाटकाबाहेर पडली. माझ्या सुनेने, जोलीनने पाहिलं. ऊन त्या डोंगरामागे जाईपर्यंत त्याने घर खाली करायचं. नाही तर शेरीफला बोलावतो."

"किती वर्षं आहे तो तुमच्याकडे?"

हार्लनने चौकट वळवली आणि पाठ फिरवली.

वेस, हार्लनचा मुलगा, गोठ्याच्या दाराशी भेटला. मार्नीचा शाळासोबती. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"काय हवालदारीण, शर्टावर काय सांडलंय?"

"केळं. तुझ्या तोंडावर काय सांडलंय? झोप?"

तो हसला, पण अर्धवट.

"सांग, काय झालं."

"परवा पहाटेच्या अंधारात व्याली. तांबडी कालवड, तोंड पांढरं. उभी राहिली, प्याली. मी कॉफी आणायला घरात गेलो. परत येतो तर नाही."

"तुझ्याशिवाय कुणी पाहिली तिला?"

"रात्री कोण येणार बघायला?"

"यंदा वासरं किती दगावली?"

"एकच. पहिलटकरणीचं होतं, काळं. घळीत टाकलं, नेहमीच्या जागी. का?"

"सवय म्हणून विचारते. किती दिवस झाले?"

"पंधराएक झाले असतील."

मार्नीने टेकडीकडे पाहिलं. घळीवर मॅगपाय पक्ष्यांचा थवा उठत होता, बसत होता. पंधरा दिवसांपूर्वीच्या मढ्यावर? एवढ्या दिवसांत ते न संपवण्याइतके कोल्हे सभ्य कधी झाले?



तांबडी गोठ्यामागच्या आवारात होती. एकटीच. पेंढीतला चारा सावकाश ओढत, शांतपणे चघळत उभी. मार्नीने तिच्या पाठीवर हात ठेवला. गाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा मान फिरवली आणि कोपऱ्यातल्या खोपीकडे तोंड करून चघळू लागली.

"ती खोप कसली?"

"आईच्या मेंढ्यांची. आता रिकामी आहे. छप्पर पडायला आलंय, आत जाऊ नकोस," वेस म्हणाला.

मार्नी खाली वाकली. गवतात केशरी सुतळीचे तुकडे पडले होते. चाऱ्याच्या पेंढ्यांची सुतळी. रँचवर ती कुठेही सापडते. दारं तिनेच बांधतात, सैल पँट तिनेच आवळतात. पण हे तुकडे आखूड होते, त्यांना फास होते, आणि ते चिकट होते. तिने एक खिशात टाकला.

तिने गाईची कास चाचपली. मऊ होती.

"म्हातारी आहे," वेस घाईने म्हणाला. "दूध नाहीच तिला."

"हं," मार्नी म्हणाली.

तेवढ्यात पिकअपमधून टेसचं रडणं ऐकू आलं. भुकेचं रडणं. मार्नीच्या शर्टाला छातीशी दुधाची ओल आली. तिने जाकिटाची चेन वर ओढली आणि टेसला घ्यायला गेली.

टेसला पाजायला ती घरात गेली. वेसची बायको जोलीन स्वयंपाकघरात पाव भाजत होती. तिने चुलीजवळची खुर्ची पुढे सरकवली.

"बस. इथे ऊब आहे."

चुलीपाशी पुठ्ठ्याचं मोठं खोकं होतं. आत जुना टॉवेल आणि काळे केस. खोकं रिकामं.

"कोण राहायचं यात?"

"एक अनाथ वासरू होतं गं. आईने लाथाडलेलं, काळं. दिवसातून चार वेळा बाटली द्यायची मी त्याला. फरशी अशी घाण करायचं! वेसने परवा गोठ्यात नेलं. म्हटलं, सुटले."

मोरीवर दुधाची मोठी बाटली उलटी घालून ठेवली होती. कोरडी ठणठणीत.

"मग आता त्याला बाटली कोण देतं?"

जोलीन पाव कापता कापता थांबली. "वेसच देत असेल. मी काही विचारलं नाही." मग दबक्या आवाजात म्हणाली, "मार्नी, मी फक्त एवढंच म्हटलं, की गाडी जाताना दिसली. चोरी केली असं मी म्हटलं नाही. बाबांनीच ते जोडलं. त्याच्या डेल्फिनाचा महिना भरत आलाय. एवढ्या थंडीत कुठे जातील ती दोघं?"

"व्हर्ना असती तर?"

"सासूबाई?" जोलीनने डोळे पुसले. "माणसाचं तर सोडच, त्या जनावरालाही असं जाऊ देत नव्हत्या. त्यांचा नियमच होता. वासराविना गाय उभी ठेवायची नाही, गाईविना वासरू. वेसच्या हाडात मुरवलंय त्यांनी ते."

टेस पिऊन झाली. तोंडाच्या कडेला दुधाचा फेस, डोळे जड. मार्नी तिच्याकडे बघत राहिली. मघाचं तिचं रडणं, आपली ती ओल. आणि बाहेर ती गाय, शांत चघळणारी.

ती एकदम उठली.

अँसेल्मो गाडीवर दोर आवळत होता.

"परवा पहाटे कुठे गेला होतास?"

त्याने वर पाहिलं. "मॅडम, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"हार्लनने नाही विचारलं?"

"त्यांनी विचारलं, वासरू कुठाय? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, सामान उचल." त्याने दोराला गाठ मारली. "डेल्फिनाच्या पोटात कळा येत होत्या. गावात दवाखान्यात नेलं. खोट्या कळा निघाल्या. तिथल्या नर्सला विचारा."

"आणि दिवे का नाही लावलेस?"

"लागत नाहीत. गाडी रँचची आहे, सामान पोचवून परत द्यायची. वेसला सांगून महिना झाला."

पायरीवरून डेल्फिना म्हणाली, "आता सांगतोय! काल तोंडाला कुलूप होतं याच्या. मानी माणूस. मान घेऊन पोराला काय पाजणार, विचारा त्याला."

मार्नीने दवाखान्यात फोन लावला. नर्सला ती दोघं चांगलीच आठवत होती. नवराच जास्त घाबरला होता म्हणे.

"गाडीचा दोर सोडू नकोस अजून," मार्नी म्हणाली, "पण आवळूही नकोस."

मग ती घळीपर्यंत एक चक्कर मारून आली.

ऊन उतरणीला लागलं तेव्हा तिने हार्लनला आपल्या पिकअपमध्ये बसवलं आणि गाडी आवाराच्या कुंपणाला लावली. त्याने दार उघडून पाय खाली सोडले. टेस त्याच्या शेजारी, त्याच्या स्वेटरचं बटण ओढत. जोलीन आली, अँसेल्मो आणि डेल्फिना आली. वेस फाटकाला टेकून उभा राहिला.

"हार्लन, ऐकू येतंय काही?" मार्नीने विचारलं.

"काही नाही येत."

"मीही तेच म्हणते. तुम्ही जन्मभर गाई पाळल्यात. वासरू हिरावलेली गाय काय करते?"

"हंबरते. दोन-तीन दिवस, घसा बसेपर्यंत. चारा खात नाही. कुंपणाला..." तो बोलता बोलता थांबला. त्याने तांबडीकडे पाहिलं. ती रवंथ करत होती.

"म्हातारी आहे ती," वेस म्हणाला. "दूध नाही म्हटलं ना मी."

"मग तुझ्या कालवडीने त्या रात्री काय प्यालं? 'उभी राहिली, प्याली,' असं तूच मला सांगितलंस." मार्नी कुंपण ओलांडून गाईपाशी गेली. "नुकत्याच व्यालेल्या गाईचं वासरू गेलं की कास दगडासारखी होते. मला सांगायला नको, मी रोज भोगते. हिची कास मऊ आहे. आणि सड बघा, चारीही. स्वच्छ, गुलाबी, ओले. आज सकाळीच कुणीतरी प्यालंय. हिचं वासरू चोरीला गेलेलं नाही. निदान हिला तरी तसं वाटत नाही."



"चुलीपाशी एक अनाथ वासरू होतं. परवा ते घरातून गेलं. त्याची बाटली कोरडी आहे. मग ते जगतंय कशावर?" तिने खिशातून सुतळीचा तुकडा काढला. "आणि हे फास. एवढे आखूड तुकडे लहान पायांभोवतीच बांधतात. वेस, पुढचं तू सांगतोस की मी दार उघडू?"

वेस मान खाली घालून बुटाने माती उकरू लागला.

मार्नीने खोपीच्या दाराची तार काढली.

तांबडीने कान टवकारले. घशातल्या घशात हुंकारली, नव्या आईचा असतो तसा खोल, हळवा आवाज. आणि आतून धडपडत एक वासरू बाहेर आलं.

काळे पाय. काळं डोकं. पण पाठीवर, पोटावर तांबडं कातडं, अंगरखा घालावा तसं, केशरी सुतळीने चार ठिकाणी बांधलेलं. तांबडीने त्याच्या शेपटीपाशी हुंगलं, तिथे तिच्या पोटच्या वासराचा वास होता, आणि ती चाटू लागली. वासराने कासेला ढुशी दिली.

हार्लनने टोपी काढली.

"ती कालवड मेली," मार्नी हळू म्हणाली. "घळीत आहे. कातडं नाही अंगावर. जन्मताना नाकावर गर्भपिशवीचा पडदा तसाच राहिला असेल. तो बोटाने काढायला जवळ जागं माणूस लागतं. नव्हतं. हो ना?"

"मी पिकअपमध्ये बसलो होतो," वेस म्हणाला. "हीटर लावून. पाचच मिनिटं, म्हटलं. उजाडलं तेव्हा जाग आली." त्याने बापाकडे पाहिलं नाही. "तुम्ही म्हणाला होतात, बाबा, तुझ्याकडे एवढं एकच मागतो, आईची ती गाय सांभाळ. कसं सांगणार होतो? तोंडातून निघून गेलं, वासरू नाही म्हणून. तुम्हीच म्हणालात, अँसेल्मोने नेलं."

"आणि तू गप्प बसलास," मार्नी म्हणाली. "दोनेक दिवसांनी गाय या वासराला त्याच्या स्वतःच्या वासाने ओळखू लागली असती. मग तू कातडं जाळलं असतंस आणि म्हणाला असतास, बिचारीला एक अनाथ दिलं. तोवर यांची गाडी कुठल्या कुठे गेली असती. तू गाईला तसंच हंबरू दिलं असतंस ना वेस, तर मला कधीच कळलं नसतं. पण ते तुझ्याने झालं नाही. तुझ्या आईने तसं शिकवलंच नव्हतं."

वेसने तोंड झाकून घेतलं.

वासराच्या चुरूचुरू पिण्याचा तेवढा आवाज येत होता.

मग हार्लनने चौकट पुढे टेकवली आणि उभा राहिला. जोलीन धरायला धावली, त्याने मान हलवली. ओल्या मातीत चौकटीचे पाय रुतत होते. तो अँसेल्मोपुढे जाऊन थांबला, टोपी अजून हातात.

"मी तुला विचारलंच नाही," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत एकदाही तू मला खोटं सांगितलेलं नाहीस, आणि मी विचारलंही नाही. राहशील का, हेही विचारायचा हक्क मला नाही. पण विचारतोय."

अँसेल्मोने बायकोकडे पाहिलं. डेल्फिनाने वेसकडे.

"आईने लाथाडलेल्या वासराला तू आई दिलीस," ती त्याला म्हणाली. "आणि माझ्या पोराला रस्त्यावर काढत होतास. तुला झोप कशी लागत होती रे?"

"लागत नव्हती."

"बरं झालं." ती गाडीकडे वळली. गादीच्या वर, दोरात करकचून बांधलेला, हाताने बनवलेला लाकडी पाळणा होता. "आधी पाळणा उतरव. नीट. ओरखडा पडला तर बघ. मग बाकीचं सगळं, तू एकट्याने. आणि अंधार पडायच्या आत त्या गाडीचे दिवे दुरुस्त कर."

वेस गाडीवर चढला.

मार्नीने टेसला उचललं. तिच्या मुठीत हार्लनच्या स्वेटरचं बटण होतं, धाग्यासकट तुटलेलं. मार्नीने ते परत द्यायला हात पुढे केला, पण हार्लनचं लक्ष नव्हतं. तो कुंपणाला टेकून तांबडीकडे बघत होता. ती त्या काळ्या वासराच्या डोक्यावरून, कातडं नव्हतं तिथूनही, जीभ फिरवत होती.