पांढरी सहाचा रंग

मावशीच्या संगीतवर्गाचं दार उघडं होतं आणि पियानोला दोन पाय जास्त होते.

म्हणजे, पियानोच्या पोटाखालून एका माणसाचे पाय बाहेर आलेले होते. एक मोजा निळा, एक काळा. मी रंगांची पिशवी खाली ठेवली आणि काय बोलावं याचा विचार करत उभी राहिले.

"आलात का?" खालून आवाज आला. "जरा पांढरी सहा दाबा. मधल्या सप्तकातली."

"अहो, पण मी..."

"दाबा हो आधी. ओळख मग करून घेऊ."

तो सरपटत बाहेर आला. केसांत धूळ, हातात तारा पिळायची चावी. मी सप्तकातली सहावी पांढरी पट्टी दाबली आणि धरून ठेवली. त्या एका सुरासाठी आत तीन तारा असतात, आणि तिघींचं आपसांत मुळीच पटत नव्हतं. सूर थरथरत होता. तो चावी हळूहळू फिरवू लागला. थरथर मंदावली, आणखी मंदावली...

"आता!" मी म्हणाले.

"आता!" तोही त्याच क्षणी म्हणाला.

त्याने चावीवरचा हात काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"कान चांगला आहे तुमचा."

"कान नाही," मी म्हणाले. "डोळा."

हे मी सहसा कुणाला सांगत नाही. मला सूर दिसतात. काहींच्या मेंदूत ऐकण्याच्या आणि पाहण्याच्या वाटा एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यातली मी एक. आजार नाही आणि मोठेपणाही नाही. पांढरी सहा पिवळी दिसते आणि जिभेच्या टोकाला लिंबाच्या सालीसारखी लागते. पांढरी एक विटकरी. ती वाजली की तळहाताला मातीच्या मडक्याचा खरखरीतपणा जाणवतो. मी रंगांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत छटा जुळवण्याचं काम करते. लोक म्हणतात, किती अचूक नजर. मी गप्प बसते.

त्याच्यापुढे मात्र गप्प बसले नाही. सगळं सांगून टाकलं. तो पियानोला टेकून ऐकत होता.

"म्हणजे मी इतकी वर्षं रंगारी होतो आणि मला पत्ताच नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात मावशी आली. "झाली का ओळख? हे आमचे कानसेन, पियानो लावतात. आणि ही माझी भाची. नव्या सभागृहाच्या भिंतीसाठी माझ्या धुनीचं चित्र काढणार आहे. मी वाजवायचं, हिनं बघायचं."

पियानो जुना, त्यामुळे कानसेनच्या खेपा वाढल्या. कधी तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांची लोकर झिजलेली, कधी पेडल कुरकुरणारं. आणि मी तिथे दर दुपारी चित्रासाठी. मावशी वाजवायची, मी फळ्यावर कागद लावून एकेका सुराची छटा कालवायची, आणि तो खिडकीपाशी बसून लोकर तासत असायचा.

"मावशींचा हा तुकडा कसा दिसतो?" तो विचारायचा.

"ओल्या पाटीसारखा. कडेला जांभळी रेघ."

"मला तर दाराच्या बिजागरीसारखा वाटतो."

"कानसेन," मावशी वाजवता वाजवताच म्हणायची, "ती बिजागरी माझी रचना आहे."

एकदा मावशी चहा ठेवायला आत गेली होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्याने सूर जुळवायचा दोन दातांचा नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि म्हणाला, "हात पुढे कर. कोपर."

'तुम्ही'वरून 'तू'वर तो कधी आला, ते मला कळलं नव्हतं. मी हात पुढे केला. त्याने नादकाट्याचा देठ माझ्या कोपराच्या हाडावर टेकवला. सूर हाडातून दंडात, दंडातून खांद्यात चढला आणि मी डोळे मिटले.

"काय दिसतंय?"

"पिवळं..."

"नुसतं पिवळं?"

नुसतं नव्हतं. पण उरलेलं नादकाट्यामुळे होतं की मनगट धरणाऱ्या त्याच्या बोटांमुळे, हे ठरवता येईना.

त्याच सुमाराला एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मावशीच्या पियानोवरचे रंग सरकले होते. पांढरी सहा पिवळी राहिली नव्हती. कच्च्या लिंबासारखी हिरवट झाली होती. पांढरी एक विटकरीवरून तपकिरीकडे झुकली होती. सगळंच सप्तक एका बाजूला थोडं कललेलं. माझे रंग जन्मात कधी हललेले नव्हते. तापात नाही, परीक्षेत नाही, बाबा गेले तेव्हाही नाही.

मी घाबरले. मग विचार करायला बसले. माझ्या आयुष्यात नवीन काय घडलं? उत्तर खिडकीपाशी बसून लोकर तासत होतं.

"मावशी, माणूस प्रेमात पडला की त्याला जग वेगळं दिसतं, हे खरं का गं?"

मावशीने चष्म्यावरून पाहिलं. "वेगळं म्हणजे?"

"म्हणजे... जरा हिरवट?"

"अगं बाई," मावशी म्हणाली, "आरशात बघ जाऊन. तूच हिरवट दिसतेयस. दोन घास नीट जेवत जा."

पण मला हवा तो निष्कर्ष मिळाला होता, आणि तो मिळाल्याचा आनंद इतका होता की आधीचे सगळे कागद बाजूला सारून मी चित्र नव्या छटांत पहिल्यापासून काढायला घेतलं. रोज संध्याकाळी घरी जाताना पायऱ्या उड्या मारत उतरायची. माझं प्रेम होतं, आणि त्याला पुरावा होता.

शेवटी एका दुपारी तो नेहमीपेक्षा गप्प होता. मावशी बाजारात गेली होती.

"मला एक काम आलंय," तो म्हणाला. "दुसऱ्या शहरात पियानो बांधायचा कारखाना आहे. निदान तीन वर्षं तरी राहावं लागेल. शुक्रवारी कळवायचंय."

"चांगलं काम आहे?"

"फार चांगलं." तो लोकरीचा तुकडा बोटांत चुरत होता. "म्हणूनच तुला विचारतोय. जाऊ, की नको?"

माझं उत्तर तयार होतं. ओठांवरच होतं. पण त्याला माझ्या उत्तराची भीती वाटली असावी, कारण मी तोंड उघडायच्या आतच तो घाईघाईने विषय बदलून मोकळा झाला.

"जाईन किंवा राहीन, हा पियानो नीट करून ठेवतो. नव्या तारा आल्यात. जुन्यांना ताण सोसत नव्हता, म्हणून मध्यंतरी सगळा पियानो थोडा खालच्या सुरात लावून ठेवला होता. आता वर आणतो."

"खालच्या सुरात?"

"हो. मावशींना सांगितलं होतं मी. काय वाटेल ते करा म्हणाल्या. मला वाटलं, तुला तर दिसतच असेल."

दिसत होतं. चांगलं लख्ख दिसत होतं! प्रयोगशाळेत कुणी एकच नमुना तपासून निष्कर्ष काढला असता, तर मी त्याला खडसावलं असतं. दारावरची घंटा, माझ्याच घरातली चहाची किटली, कोपरावरचा तो नादकाटा, सगळे आपापल्या जुन्या रंगांत शाबूत होते. मी एकदाही पडताळून पाहिलं नव्हतं. सरकली होती ती जुन्या तारांची ओळ. मी नाही.

"काय झालं?" त्याने विचारलं. "उत्तर दे ना."

"मला... मला माहीत नाही."

"माहीत नाही?"

"नाही."

तो चावी उचलून कामाला लागला.

गुरुवारी दुपारी पियानो वरच्या सुरात आला. मावशी वाजवायला बसली आणि पांढरी सहा पिवळीजर्द उमटली, लिंबाच्या सालीसकट. विटकरी विटकरीच्या जागी. मी वाट पाहत होते, की आता छातीतलंही काहीतरी जागेवर येईल आणि मी मोकळी होईन.

तसं काही झालं नाही. उलट खिडकीपाशी कुणी नव्हतं, आणि मावशीच्या सगळ्या रंगांमध्ये मी त्या रिकाम्या खुर्चीकडेच पाहत होते.

"कानसेन कुठे आहेत?"

"हत्यारं आवरून आत्ताच निघाले. म्हणाले, भाचीला नमस्कार सांगा." मावशीचे हात पट्ट्यांवरच थांबले. "नमस्कार! असा निरोप मी माझ्या दातांच्या डॉक्टरला देते. भांडलात का गं?"

मी ब्रश तसाच हातात घेऊन धावले. तो रस्त्याच्या वळणावर, बंद दुकानाच्या पायरीपाशी पिशवीचा पट्टा सारखा करत उभा होता.

"थांब," मी म्हणाले. मला धाप लागली होती. "तू विचारलंस तेव्हा माझ्याकडे पुरावा होता. मग तो गेला. तू पियानो खाली लावलास म्हणून रंग बदलले आणि मला वाटलं, मी तुझ्या... म्हणजे, मी पूर्ण चित्र त्यावर काढलं! आता रंग परत जागेवर आलेत."

"मग?"

"मग काही नाही. पुरावा गेला आणि निष्कर्ष गेलाच नाही. मला काही समजत नाहीये."

ब्रशवरचा पिवळा रंग माझ्या मनगटावर ओघळत होता.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

"नक्की?"

"नाही. नक्की काहीच नाही. तरी जाऊ नकोस."

त्याने खांद्यावरची पिशवी सावकाश काढून पायरीवर ठेवली. मग तिच्याशेजारी बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. पुसता पुसता हसत होता, हे मला उशिरा दिसलं.

"कारखान्याला कारण काय कळवू?"

"तुला काय वाटतं?"

"नव्या तारा सैलावतात. रोज थोड्या खाली उतरतात. कुणीतरी सारखं येऊन त्यांना वर आणावं लागतं... वर्षभर तरी."

मी त्याच्या शेजारी बसले. "म्हणजे माझे रंग पुन्हा सरकणार?"

"सरकणार. पुन्हा येणार. पुन्हा सरकणार."

"मग मला कधीच नक्की कळायचं नाही."

"चालेल?" त्याने विचारलं. माझ्या मनगटावरचा ओघळ आपल्या अंगठ्याने टिपला आणि हात तिथेच ठेवला.

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. तिचा रंग कोणता होता, मी पाहिलं नाही.

"चालेल," मी म्हणाले.