चौथ्या खाटेचा पट्टा

खोटं वाटलं तर वाटू दे. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि तिने मला आयुष्यात एकदाही थाप मारलेली नाही.

ऑक्टोबर १९९१. बोगोता. दुपारचे तीन, बाहेर गारांचा मारा.

रोसाल्बामावशी सरकारी इस्पितळात, फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या आईबापांना धीर द्यायची. आईबापांनी बाळ उघड्या छातीवर उभं धरायचं, पट्ट्याने बांधायचं, वजन वाढेपर्यंत दिवसरात्र ऊब द्यायची. जगून घरी गेलेल्या बाळाचा पट्टा पुढच्याला मिळे. मावशी त्यावर लाल टाका घालायची. दगावलेल्याचा पट्टा आईसोबत घरी जाई.

त्या सकाळी चौथ्या खाटेवरचं बाळ दगावलं, आणि त्याची आई पट्टा तिथेच टाकून रडत निघून गेली. तो इतरांसोबत धुतला गेला आणि टोपलीत पडला.

मावशीने नेमका तोच उचलला. लाल टाका नव्हता. धुण्यात उसवला असेल, असं तिला वाटलं.

तिने तो एदिल्बेर्तो नावाच्या एका बापाला, मुलगी छातीवर ठेवून, बांधला. त्याची मुलगी अकराशे ग्रॅमची. बायको अजून शुद्धीवर नव्हती.

“आवळा ना ताई, मी काय काचेचा आहे?”

“गप रे! बाप झालास, आता तरी तोंडाला कुलूप लाव.”

तो हसला... आणि हसता हसता थांबला.

“ताई... पुरे.”

मावशीने हात केव्हाच काढून घेतले होते.

पट्टा आवळतच होता.

कट्... बरगडी मोडली. एदिल्बेर्तो किंचाळला. पट्ट्यात चिरडलेली मुलगी निळी पडू लागली. मावशीने कात्री चालवली, पाती वाकली. तिने दातांनी गाठ ओढली...

आतून इवल्या बोटांनी तिचा ओठ पकडला. आणि फाडला.

“सोड तिला!” ती रक्त थुंकत ओरडली.

दुसरी बरगडी मोडली.

मावशीची नजर चौथ्या, रिकाम्या खाटेकडे गेली. कोण आहे ते तिला कळलं. आणि तशातही तिला त्या पोराची दया आली.

तिने ब्लाउज फाडून छाती उघडी केली.

“ये सोन्या. इकडे ये. मी आहे ना.”

पट्टा सैल पडला... मुलीने श्वास घेतला, रडली.

एदिल्बेर्तोची ती मुलगी आज शाळेत शिकवते. बरगड्या कशाने मोडल्या, ते डॉक्टरांनी कागदावर लिहिलंच नाही.

मावशी मात्र तेव्हापासून बसूनच झोपते. छातीवर किलोभर काहीतरी आहे म्हणते. हात सतत तिथेच, थोपटत असतो. मी विषय टाळतो. मला भीती वाटते, खरं सांगतो.

परवा तिचा फोन आला. धाप लागली होती, पण इतकं खूश मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

“अरे,” ती म्हणाली, “वजन वाढतंय!”