तिसऱ्या पट्ट्याचं ठिगळ

"माझ्या बाबांनी काही केलेलं नाही, आणि ते म्हणतायत मीच केलं," दारातूनच मुलगी म्हणाली. दादा हातातली बशी ठेवून उभे राहिले.

टाचणी मात्र हलली नाही. अंगानं किरकोळ, नजरेनं टोचणारी. धाकट्या बहिणीला हे नाव दादांनीच लहानपणी दिलं होतं. आता ती लोकांची कोडी सोडवायची आणि निवृत्त कंपाउंडर दादा पिशवी घेऊन तिच्या मागून फिरायचे.

"बस आधी. काय झालं?"

मुलीचे वडील, म्हणजे सगळ्यांचे काका, तीस वर्षं एका नृत्यमंडळीची मॅट अंथरत होते. सहा लांब, काळे रबरी पट्टे. गुंडाळून न्यायचे, रंगमंचावर शेजारी शेजारी उलगडायचे, कडा टेपनं जोडायच्या. तिसऱ्या पट्ट्याच्या एका टोकाशी जुनं ठिगळ होतं. डोळ्यांना दिसायचं नाही, बोटालाच लागायचं. ते नेहमी मागच्या पडद्याखाली जायचं, तिथे कुणी नाचत नाही. परवा दुपारच्या खेळात मात्र ते पुढे आलं, ऐन गिरकीच्या जागी. मोठ्या नर्तकीचा अंगठा त्यात अडकला आणि गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चालाल, नाचायचं विसरा.

"सोमवारी मंडळी बाबांना काढणार. बाबा म्हणतात, चूक माझीच, म्हातारा झालो. पण ते हात चुकत नाहीत हो! लहानपणी मी दारात बसायचे, आणि बाबा पट्टा गुंडाळत गुंडाळत माझ्याकडे यायचे. कड कशी, सुरीनं कापल्यासारखी." तिनं बोटानं हवेत सरळ रेघ ओढली. "कुणीतरी मुद्दाम पट्टा फिरवलाय. शोधा ना."

रंगमंचावर मॅट तशीच पडून होती, पाणी आटलेल्या तळ्यासारखी. सामानाचं दार मागच्या बाजूला, सताड उघडं.

टाचणीनं विचारताच लादी पुसणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "साबण? या मॅटला साबण लावला तर काका मला कच्चं खातील! साधं पाणी, घट्ट पिळलेलं फडकं. आणि ती घसरली नाही, बाई. अडखळली. मी विंगेतून बघितलं."

दुसरी नर्तकी त्या दिवशी सकाळी इथे एकटीच सराव करत होती.

"हो, तिची जागा मला मिळाली. घ्या लिहून!" तिची हनुवटी वर होती, पण डोळे सुजलेले. "मला तिची जागा हवी होती. तिचा गुडघा नको होता. आणि मी पट्टा फिरवला म्हणता? जरा हलवून दाखवा."

दादांनी कोपरा धरून ओढला. मॅट ढिम्म. दादाच बसते झाले.

"राहू दे, दादा. तुला उचलायला आणखी दोघं लागतील," टाचणी म्हणाली.

काका मागच्या दारात खुर्चीवर होते, कमरेला पाठदुखीचा रुंद पट्टा बांधून. मुलगी शेजारी उभी होती.

"अंथरताना मी इथेच बसून होतो," ते म्हणाले. "मजुरांना सांगितलं, रोलचं बाहेरचं टोक मागे लावा आणि उलगडत पुढे जा. रोजचीच रीत. टेप लावण्याआधी मी सगळीकडून तळवा फिरवतो. या खेपेला वाकताच आलं नाही."

"पाठ कधी धरली?"

"मागच्या खेळाला. दुसऱ्या सभागृहात."

"तिथे पट्टे कुणी गुंडाळले?"

काकांनी मुलीकडे पाहिलं नाही. "मीच."

टाचणीनं पुढच्या कडेची टेप सोडवली. "काका, पट्ट्यांच्या पोटाला कारखान्याचा शिक्का असतो ना? कुठल्या टोकाला?"

"मागच्या. ठिगळाच्या बाजूला."

तिनं पुढचे कोपरे एकेक करून उचलले. पहिल्याला शिक्का. दुसऱ्याला शिक्का. सहाही पट्ट्यांचे शिक्के पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला.

मग तिनं त्या दुसऱ्या सभागृहाच्या पहारेकऱ्याला फोन लावला. त्याचा आवाज दादांनाही ऐकू येत होता. "काकांना तर आधीच गाडीत घालून नेलं. मॅट नंतर निघाली. सामानाचं दार? आमच्याकडे पुढे आहे, प्रेक्षकांच्या पायऱ्यांपाशी."

मॅट कुणी काढली, हे टाचणीनं विचारलंच नाही. दादांना नवल वाटलं.

"बाळ, चार कप चहा आणतेस?" ती मुलीला म्हणाली.

मुलगी गेली. टाचणी काकांसमोर मॅटवरच बसली.

"कुणाला पाडायचं असतं, तर त्यानं एकच पट्टा फिरवला असता. इथे सहाही फिरलेत. म्हणजे वैर नाही. रंगमंचावर कुणी काही फिरवलंच नाही. पट्टे त्याआधी गुंडाळतानाच उलटे गेले."

"म्हणजे कसं गं?" दादांनी विचारलं.

"काका पुढून सुरू करतात, मागे जातात. ठिगळाचं टोक रोलच्या बाहेर राहतं. त्या दिवशी कुणीतरी मागून सुरू केलं. ठिगळ रोलच्या पोटात गेलं. इथे मजुरांनी रीतीप्रमाणे बाहेरचं टोक मागे लावलं, आणि ठिगळ सगळ्यात शेवटी, पुढे उलगडलं."

"पण काका तर तेव्हा गाडीत होते!"

"म्हणून तर. हे काम येणारं, पण दिशा दारावरून ओळखणारं माणूस तिथे होतं. बहुतेक ठिकाणी दार मागे असतं. काका मागे जायचे, आणि दारात बसलेल्या पोरीला वाटायचं, बाबा माझ्याकडे येतायत." टाचणीचा आवाज उतरला. "तिथलं दार पुढे होतं."

काकांनी हात जोडले. "बाई, नर्तकी पडली तेव्हाच मी ओळखलं. तिला सांगू नका. माझं काय, चार वर्षं राहिली असतील. तिला जन्म काढायचाय."

दादांनी आयुष्यभर दुखण्यांच्या पुड्या बांधल्या होत्या. या दुखण्याची पुडी त्यांना ठाऊक नव्हती.

कप किणकिणले. काकांच्या खुर्चीमागे, त्याच दारात, मुलगी उभी होती. ट्रेमध्ये चहा सांडलेला.

"मी दाराकडेच गुंडाळले, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही यायचात तसे."

ती खुर्चीला वळसा घालून काकांसमोर आली.

"सोमवारी मी सांगणार."

"माझं काम जाणारच आहे गं. तुझं नाव कशाला?"

"चूक माझीच आहे म्हणून."

दादा बहिणीच्या कानाशी लागले. "हे सोडवून आपण काय मिळवलं गं?"

"काही नाही, दादा."

मुलीनं ट्रे खाली ठेवला. मॅट तर काढायचीच होती. टेप सोडवून ती तिसऱ्या पट्ट्यापाशी गुडघे टेकून बसली. "कुठून सुरू करू?"

काकांनी पायानं जागा दाखवली. "आज इथून. माझ्या पायापासून. एकदा उलटा गेलाय, आता पुन्हा उलटा गुंडाळला की ठिगळ बाहेर येईल."

तिनं कड उचलली, सरळ केली. कड कशी, सुरीनं कापल्यासारखी. आणि गुंडाळत गुंडाळत ती रिकाम्या खुर्च्यांकडे निघाली, बापाकडे पाठ करून, हातभर, मग दोन हात लांब.

काकांनी हात पुढे केला. वाकता येत नव्हतं.