जेडच्या कुंडीतला शेजारी

तीन जिने चढून गच्चीवर पोचेपर्यंत भिंगवाल्यांना धाप लागली. खिशातल्या भिंगामुळे त्यांना हे नाव पडलेलं. तीस वर्षं लोकांच्या भानगडी निस्तरून आता त्यांना कशाचंच नवल उरलं नव्हतं. मागून त्यांचे मित्र डॉक्टर गुडघे धरत आले.

"हा बघा खून," त्यांना बोलावून घेणाऱ्या घरच्या बाई म्हणाल्या.

पसरट कुंडीत जेडचं जुनं झाड आडवं पडलं होतं. जाड पानं पिवळी, पाणचट झालेली. खोड दाबलं तर बोट आत गेलं. पाच फांद्या कुणीतरी सफाईने कापल्या होत्या. त्याच कुंडीतला लालभडक पानांचा कोलियस मात्र टवटवीत होता.

"ह्यांनी वाढवलेलं झाड. ते गेले, आता हेही गेलं." बाईंनी गळलेलं एक पान उचललं. "माळ्याने पाणी ओतून मारलं आणि फांद्या लांबवल्या. वीस वर्षं आमच्याकडे कामाला आहे, पण आज त्याला काढणार म्हणजे काढणार. तुम्ही फक्त पुरावा द्या."

"माळी काल इथेच होता?"

"पंधरा दिवस रजेवर होता. काल संध्याकाळी उगवला."

"तोवर गच्ची कोणी सांभाळली?"

"मीच. जेडला थेंब दिला नाही, तसं त्याने बजावलंच होतं. ते एकटं दिसत होतं, म्हणून शेजारी हा कोलियस तेवढा लावला. दुपारी माना टाकायचा बिचारा. मीच जगवला त्याला."

सून खालच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. "कपडे वाळत घालायला मला ती गच्ची हवी आहे, हे मी तोंडावर सांगते," ती म्हणाली. "पण झारीला सासूबाई कुणाला हात लावू देतील तर ना!"

माळी अवजारांच्या खोलीत सापडला. फळीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पाच फांद्या उघड्याच मांडलेल्या.

"ह्या तुम्हीच कापल्यात?"

"हो."

"आणि पाणी?"

माळ्याने मान खाली घातली. "माझंच चुकलं म्हणा. जातो मी."

"कबुलीच दिली की त्याने," डॉक्टर हळूच म्हणाले. "चला, घरी जाऊ."

घरी जायला भिंगवाल्यांनाही आवडलं असतं. पण त्यांनी सगळ्यांना वर बोलावलं आणि स्वतः कठड्यावर टेकले.

"खोड आतपर्यंत कुजलंय. ते एका रात्रीत होत नाही, कितीतरी दिवस माती ओली राहावी लागते. माळी तर कालच आला. आणि चोरीचा माल कोणी फळीवर उघडा मांडत नाही. जेडची फांदी लावण्याआधी तिचा काप सुकवावा लागतो. त्याने चांगल्या फांद्या तेवढ्या वाचवल्या."

पुढचं सांगायचा त्यांना अगदी कंटाळा आला होता.

"बाई, कोलियसला रोज पाणी लागतं, जेडला पंधरवड्यातून एकदा. तुम्ही कोलियसला पाणी घालत होता, पण माती दोघांची एकच होती."

बाई उलट्या बादलीवर मटकन बसल्या. त्यांनी माळ्याकडे पाहिलं.

"मग बोलला का नाहीस?"

"मालक गेल्यापासून तुम्ही खोलीबाहेर पडत नव्हता," माळी म्हणाला. "सूनबाई सांगत होत्या, ह्या कोलियसपायी रोज वर यायला लागलात. ते कशाला मोडू?"

बाईंनी डोळे पुसले, उठून कोलियस मुळासकट काढला आणि दुसऱ्या रिकाम्या कुंडीत लावला.

"त्या फांद्यांना पाणी कधी घालायचं?"

"दहा दिवस अजिबात नाही."

"मग तोवर मी काय करू?"

"रोज बघायला या," माळी म्हणाला.