थंडीबाहेर चाळीस मिनिटं

मी मोजमापं घेणारी बाई आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ज्यांचा आहे त्यांच्याशी वाद घालायला मला वेळही नाही. त्यामुळे जे झालं ते मोजलं तसंच सांगते.

आमच्या प्रयोगशाळेत सिलिकॉनचे सेन्सर येतात. नखाएवढे, कागदासारखे पातळ, चकचकीत तुकडे. एका अवाढव्य यंत्रात कणांच्या टकरी होतात, तिथे अगदी जवळ हे बसवायचे असतात, आणि वर्षानुवर्षं त्यांनी किरणांचा मारा सोसायचा असतो. म्हणून दहा वर्षांचा मार त्यांना आधीच दुसरीकडे एका दिवसात देतात आणि मग इकडे पाठवतात. जीव किती उरलाय ते मी बघते. तुकडा काळ्या पेटीत ठेवायचा, सुई टेकवायची, वीज द्यायची आणि किती प्रवाह गळतो ते वाचायचं. मार खाल्लेला तुकडा जास्त गळतो. तो थंडच ठेवावा लागतो, उणे वीसवर. उबेत त्याची इजा आधी थोडी भरते, मग वाढतच जाते. म्हणून शीतखोलीबाहेर दहा मिनिटं, वर एक नाही.

माझी ताई शेजारच्या टेबलावर असते. केसाहून बारीक तारा सेन्सरला जोडायचं काम तिचं. आई गेल्यावर याच हातांनी तिनं माझ्या वेण्या घातल्या, आणि केस ओढले म्हणून मी बोंबलले की टपलीही मारली. त्या हातांबद्दल मला कोरडेपणानं बोलता येत नाही, हे आधीच सांगून टाकते.

त्या सकाळी तिच्या लेकीचा फोन आला. उद्याची परीक्षा, काही येत नाही, रडारड. ताई डाव्या मुठीत सतरा नंबरचा तुकडा तसाच डबीसकट धरून समजूत घालत बसली. चाळीस मिनिटं.

माझ्याकडे आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "गेली गं माझी नोकरी."

"गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मोजते, मग बघू."

काल त्या तुकड्याचा गळतीचा आकडा दोनशेच्या घरात होता. आज एकसुद्धा नव्हता. मला वाटलं, चुकून दुसराच तुकडा उचलला. सूक्ष्मदर्शकाखाली नंबर पाहिला. सतराच. केबल बदलली, सुई बदलली, चार वेळा मोजलं.

"ताई, हा कोरा झालाय. मार कधी खाल्लाच नाही असा."

"असं कसं होईल?"

"मलाच विचारतेस होय!"

ताईला खोटं पचत नाही. दुपारी तिनं साहेबांना सगळं सांगून टाकलं. आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'आत्ताच' म्हणतो, कारण त्यांना सगळं आत्ताच हवं असतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पुन्हा करून दाखवा. आत्ताच."

ताईनं पुन्हा केलं. अठरा नंबर कोरा. मग आम्ही सगळ्यांनी करून पाहिलं. साहेबही तासभर मूठ वळून बसले, घामाशिवाय काही निघालं नाही. जमत होतं ते फक्त ताईला, आणि फक्त डाव्या हातानं.

आठवड्यात नऊ तुकडे झाले. ताईच्या छातीवरचा किरणं मोजणारा बिल्ला तपासून आला, स्वच्छ. साहेबांनी आणखी वीस तुकडे मागवले. मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. मनात पाल चुकचुकत होती. नाहीसं झालेलं काहीतरी कुठेतरी जातंच. पण आकडे इतके देखणे होते की मलाच मोह आवरेना. हे माझं पाप, दुसऱ्या कुणाचं नाही.

सोमवारी गोंद वाळवायच्या तापल्या पत्र्यावरून ताईनं डाव्या हातानं साचा उचलला. उघड्या हातानं. पत्रा ऐंशी अंशांवर होता.

"ताई! अगं हात!"

"काय झालं?" तिनं तळवा पाहिला. लालसुद्धा झाला नव्हता. "मला काही होत नाही गं."

मी तिला ओढत माझ्या टेबलाशी नेलं आणि काळ्या पेटीत हात घालायला सांगितलं.

"वेडी आहेस का?" ती हसली, पण हात पेटीत घातला. मनगटाभोवती मी काळं कापड गुंडाळलं. बोथट सुई तळव्याला टेकवली. दहा व्होल्ट दिले, टॉर्चच्या सहा-सात सेलांएवढीच वीज.

मीटर स्थिरावला.

तो आकडा पाहून मी कागद ओढला. नऊच्या नऊ तुकड्यांचे, बरे होण्याआधीचे, दहा व्होल्टचे आकडे लिहिले. बेरीज केली.

शेवटच्या अंकापर्यंत मीटरवरचाच आकडा.

ताई माझ्या खांद्यावरून वाचत होती. पंधरा वर्षं ती याच धंद्यात आहे; तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

आम्ही बघत असतानाच आकडा हलला. एकानं वाढला. मग दोनानं.

"खोलीत ऊब आहे," ताई म्हणाली.

"ताई, डॉक्टरकडे जाऊ. आत्ता. चल."

"डॉक्टर काय मोजणार?"

तिनं हात सोडवून घेतला आणि शांतपणे शीतखोलीत गेली. कोट न घालता. मी मागोमाग धावले. ती फळ्यांमधल्या स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, आणि आठवड्यात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल पडला होता.

"इथं बरं वाटतंय गं. लेकीला सांग, उशीर होईल. भाजी फ्रिजमध्ये आहे. आणि तिला ओरडू नकोस, घाबरट आहे ती."

"ताई, बाहेर ये ना! पाया पडते तुझ्या!"

"दार लाव आधी. ऊब आत येतेय."

मी रडत होते, ओरडत होते, आणि माझ्या प्रत्येक शब्दाबरोबर तोंडातून पांढरी वाफ निघत होती. ताई लेकीच्या पेपरांच्या तारखा सांगत राहिली, एकेक करून, सावकाश. तिच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती.